लाइन-इन

तेवीस कॅसेटी, बुटांच्या खोक्यात.
लेबलांना बुरशी, खाली अक्षर माझंच:
बोरी, जत्रा, अंक दुसरा, बाजू ब.
मुलगी म्हणाली, बाबा, कॉम्प्युटरवर चढवा आता,
नाहीतर बुरशीच तेवढी उरेल ऐकायला.

चढवू लागलो.
सिंहासनावरून मी राजा म्हणून उठलो
तर माझ्यासोबत उठली एक घूंऽऽ.
माउस सरकवला की तिची किर्र व्हायची,
हार्डडिस्क आतल्या आत सुपारी कातरत बसलेली.
सगळा दरबार पिठाच्या गिरणीत भरल्यासारखा.

एकतीस वर्षं वीज खात्यात काढली मी, फोंड्याला.
अर्थिंग तपासलं, प्लग बदलला,
फ्रिज बंद ठेवला म्हणून घरात बोलणी खाल्ली.
शेवटी दुकानातला मेल्विन म्हणाला,
अंकल, मदरबोर्डवरचा ऑडिओ म्हणजे
एका खोलीत सात बिऱ्हाडं.
पंखा खोकला तरी त्याला ऐकू जातं.
त्याला वेगळी जागा घेऊन द्या.

वेगळी जागा अठराशेला पडली.
तळहाताएवढं हिरवं कार्ड, पितळी कडेचं.
डबा उघडला, मुठीएवढी धूळ निघाली आणि एक मेलेली पाल.
खाचेत दाबलं, कट् झालं,
स्क्रू एकच होता, तो गडगडत कपाटाखाली गेला.
जुन्या ऑडिओला बायोसमध्ये जाऊन रजा दिली.
निळ्या भोकात वायर. प्ले.

काहीच नाही.
वाटलं, अठराशे पाण्यात.
मग त्या काहीच नाहीमध्ये
पेटीचा भाता श्वास घेताना ऐकू आला.
लांब कुठेतरी खाजेवाला. कुणाचं तरी पोर, झोपेतून उठलेलं.
माझ्या तलवारीच्या म्यानातलं पत्र्याचं खुळखुळणं.
आणि मग मी, खर्जातून:
"सेनापती, हे राज्य मी एकट्याने उभं केलं आहे!"

पण त्याच्या जरा आधी,
पडद्याच्या डाव्या अंगाने, श्वासात गुंडाळून:
*एकट्याने… एकट्याने उभं…*

मागे नेलं. पुन्हा लावलं.
*सेनापती…* आणि मग मी, सेनापती.
*हे राज्य…* आणि मग मी.
पूर्ण अंकभर तो माझ्या अर्धं पाऊल पुढे,
वाट दाखवणाऱ्याच्या हातातल्या कंदिलासारखा.

आणि मी गावभर सांगत आलो होतो,
निवृत्तीच्या भाषणातसुद्धा सांगितलं,
की आपल्याला प्रॉम्प्टर कधी लागला नाही.
खोटं बोलत नव्हतो हो.
मला खरंच वाटायचं, ते शब्द
मला आतून सुचतात.

सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे: नॉइज काढा.
नमुना म्हणून थोडासा नॉइज निवडून द्यायचा,
बाकीचा ते शोधून पुसतं.
सगुणचा आवाज निवडून झाला होता.
बोट बटणावर होतं.
तेवढ्यात खाली पोदेराचा पोंपों झाला आणि मी पाव आणायला गेलो.

रविवारी लॅपटॉप घेऊन बेतोड्याला गेलो. त्यात कार्ड नाही,
पण फाइल साफ आहे, तेवढं पुरे.
सगुण केरकर, वय एक्क्याऐंशी, सोड्याचं दुकान मुलाकडे,
उजवा कान गेलेला, डावा मर्जीनुसार.
हेडफोन घातला त्याच्या डोक्यावर, आवाज शेवटपर्यंत नेला.
बराच वेळ तो समोरच्या माडाकडे बघत बसला.
वाटलं, पोचत नाही.

मग त्याचे ओठ हलू लागले.
मला हेडफोनमधलं बारीक, चिमणीएवढं ऐकू येत होतं,
राजाचं, माझं;
आणि ओठ प्रत्येक वाक्याला
माझ्या जरा आधी.

अंक संपला. हेडफोन काढून त्याने उलटासुलटा पाहिला.
"कितल्याक मेळ्ळो रे?" म्हणाला.
मी किंमत सांगितली.
आणि दुसऱ्या अंकात एक वाक्य तू खाल्लंस, म्हणाला,
मी तुला दोनदा सांगितलं होतं.